शनिवारचा निरोप

सिनेमावाला दारात आला तेव्हा प्रोवीला वाटलं, न्हाणीघराच्या छतातली गळती बघायला घरमालकाने एकदाचा माणूस पाठवला. दार उघडल्या उघडल्या तिने त्या चष्मेवाल्या तरुणाला सरळ न्हाणीघरात नेलं, वर बोट दाखवलं आणि पाच मिनिटं घरमालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याने सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं, वहीत टिपूनही घेतलं आणि मग हळूच सांगितलं की आपलं नाव हॉलिस आणि आपण सिनेमे लिहितो. प्रोवीने त्याला खुर्ची दिली, कॉफी ठेवली आणि गळतीचं टिपण तेवढं फाडून मागून घेतलं. घरमालकाला दाखवायला बरं पडलं असतं.

प्रोविदेन्सिया मालदोनादो असं तिचं भरभक्कम नाव होतं, पण ब्राँक्समधल्या त्या इस्पितळात बत्तीस वर्षं सगळ्यांनी तिला प्रोवीच म्हटलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या वॉर्डात ती आया होती. बरे न होणारे आणि लवकर न मरणारे असे रोगी ठेवायची ती जागा. त्यातही वीसेक जणी निराळ्या होत्या. फार पूर्वी झोपेच्या रोगाची एक साथ आली होती, तिच्यातून या वाचल्या आणि पुढे काही वर्षांनी बसल्या जागी थिजून गेल्या. हात उचलून ठेवला तर तो उचललेलाच राहायचा. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, आणि असं तीस-तीस चाळीस-चाळीस वर्षं. १९६९च्या उन्हाळ्यात एका डॉक्टरने त्यांना एक नवं औषध देऊन पाहिलं. त्या बोलू लागल्या, चालू लागल्या, भांडू लागल्या. पानं गळायला लागेपर्यंत त्यातल्या बहुतेक पुन्हा थिजल्या होत्या. हॉलिसला त्या उन्हाळ्यावर सिनेमा लिहायचा होता. डॉक्टरने दिलेल्या यादीतली हेड नर्स वारली होती, दोघी फ्लोरिडात मुलींकडे होत्या, एक कुणाला ओळखत नव्हती. उरली प्रोवी.

हॉलिस चार दुपारी आला. प्रोवीने हातचं राखून न ठेवता सांगितलं. घास भरवताना गळ्यावरून बोट कसं फिरवायचं, म्हणजे गिळायचं विसरलेली बाई गिळते. थिजलेल्या बाईला चालवायचं तर जमिनीवर खडूने रेघा कशा ओढायच्या. आणि चाळीस वर्षांनी तोंड उघडल्यावर कुणी देवाचं नाव घेतलं असेल असं त्याला वाटत असेल तर ते मनातून काढून टाक, असंही सांगितलं. एकीने आपले बूट कुठे ठेवलेत ते विचारलं. एकीने शेजारणीला अशी शिवी दिली की पाद्री बाहेर गेला. आणि गिटेल नावाची एक होती, ती तोंड उघडून पहिलं वाक्य काय बोलली, तर, "अकरा वर्षं तू मला आंघोळ घालतेस आणि अकरा वर्षं तुझे हात गार असतात." हॉलिस हसला आणि त्याने गिटेलच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या.

चौथ्या दुपारी त्याने विचारलं, गिटेल पुन्हा थिजली त्या शेवटच्या दिवशी काय झालं? प्रोवीने कॉफीत आणखी साखर घातली, जी तिला डॉक्टरने बंद केली होती. मग म्हणाली की गिटेलने बहिणीला फोन लावायला सांगितला, आपण लावला, बहीण टॅक्सी करून धावत आली, आणि गिटेलने तिला जे सांगायचं होतं ते सांगितलं. काय सांगितलं तेही तिने शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. हॉलिस लिहीत गेला. त्यातले गिटेलचे शब्द तेवढे खरे होते. फोन कुणी केला नव्हता आणि बहीण आली नव्हती.

आपण असं का सांगितलं, हे प्रोवीने स्वतःला त्या रात्री विचारलं आणि उत्तर तिला लगेच सापडलं. तसं व्हायला हवं होतं म्हणून. वीस वर्षं ते वाक्य तिच्या पोटात पडून होतं, आणि ज्या बाईसाठी ते होतं तिच्याकडे ती दर रविवारी दुपारचा चहा प्यायला जात होती.

ती बाई म्हणजे मिन्ना झेलनिक, गिटेलची धाकटी बहीण. धाकटी म्हणजे आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची, विधवा, मूलबाळ नाही. पेल्हॅम पार्कवेवर दोन खोल्यांत एकटी राहायची. पंचेचाळीस वर्षं तिने एकही रविवार चुकवला नव्हता. डोक्याला हॅट, मांडीवर डबा, डब्यात मधाचा केक. थिजलेल्या बहिणीच्या शेजारी खुर्ची ओढून ती आठवड्याच्या बातम्या सांगायची. कुणाचं लग्न, कुणाचं ऑपरेशन, मटणवाल्याने कसं फसवलं. आणि उठताना दर वेळी कानाशी वाकून म्हणायची, आईने सांगितलंय नीट जेवत जा, आईचे गुडघे फार दुखतात, नाहीतर आलीच असती.

आई १९४१ साली वारली होती. थिजलेल्या माणसाला कुठे काय कळतंय, पण कळत असेल तर कशाला दुःख द्या, असा मिन्नाचा हिशेब होता. अठ्ठावीस वर्षं तिने आईचे गुडघे दुखते ठेवले.

आणि त्या जूनमध्ये गिटेल जागी झाली. पहिल्याच रविवारी तिने मिन्नाला विचारलं की आई कुठे आहे. मिन्नाने सांगितलं. खोटं बोलायची तिची ताकद बहिणीच्या बोलत्या तोंडापुढे संपली. प्रोवी तिथेच चादर बदलत होती. गिटेल म्हणाली, "मी सगळं ऐकत होते. दर रविवारी तू आलीस की मी दाराकडे बघायचे, आज आई आली असेल म्हणून." मग तिने स्वतःच्या हाताने, चाळीस वर्षांनी वापरात आलेल्या हाताने, खुर्चीची चाकं फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं. पुढचे तीन रविवार ती मिन्नाशी एक शब्द बोलली नाही. सोमवार ते शनिवार वॉर्डभर हसत, गात, पत्त्यांत चोरी करत फिरायची, आणि रविवारी हॅट दिसली की भिंत. मिन्ना तासभर डबा घेऊन बसायची आणि उठून जायची. जाताना एक तुकडा प्रोवीच्या हातात द्यायची, कारण वाया कशाला घालवायचा.

तोवर औषध उलटायला लागलं होतं. गिटेलचा उजवा हात थांबता थांबेना, जीभ मध्येच बाहेर यायची, शब्द एकमेकांवर आदळत धावायचे. डॉक्टर कधी औषध वाढवायचा, कधी कमी करायचा. दुपारी ती तासभर थिजायची, चमचा तोंडाशी धरून, आणि मग काही झालंच नाही अशी उरलेलं वाक्य पुरं करायची. वॉर्डात याची सवय झाली. तिथे कुठल्याच गोष्टीची कुणाला घाई नसे. चाळीस वर्षं थांबलेल्या बायकांना आणखी एक दिवस म्हणजे काही वाटत नाही, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, आणि प्रोवीनेही.

जुलैमधल्या त्या शनिवारी सकाळी प्रोवी गिटेलचे केस विंचरत होती. गिटेल म्हणाली, "मिन्नाला फोन लाव."

"आज शनिवार. आज मिसेस झेलनिक फोनला हात लावत नाहीत. उद्या येतीलच की."

या बाबतीत प्रोवीला कुणी शिकवायची गरज नव्हती. शुक्रवारचा सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत, देवाने नेमलेला विसाव्याचा वार म्हणून, ही ज्यू माणसं दिव्याचं बटण दाबत नाहीत, आग पेटवत नाहीत, फोन उचलत नाहीत, हे तिला पाठ होतं. शनिवारी चालत येणाऱ्या ज्यू नातेवाइकांसाठी ती न सांगता लिफ्टचं बटण दाबायची. मिन्ना कौतुकाने म्हणायची की या पोर्तो रिकोच्या बाईला आमचं आमच्यापेक्षा जास्त कळतं. प्रोवीला त्या कौतुकाची गोडी होती.

"तो देव माझ्याशी चाळीस वर्षं बोलला नाही," गिटेल म्हणाली. "त्याच्या एका शनिवारचं काय घेऊन बसलीस? लाव फोन. उद्यापर्यंत मी असेन कशावरून?"

"कुठे निघालात एवढ्या घाईने?" प्रोवी हसत म्हणाली. हे तिचं हसणं तिला आजतागायत ऐकू येतं.

गिटेल हसली नाही. तिने उडणारा उजवा हात डाव्या हाताने मांडीवर दाबून धरला आणि शब्द घसरायच्या आत घाईघाईने सांगितलं, "तिला सांगायचंय, आईचं लपवलंस ते बरं केलंस. नाहीतर इतकी वर्षं मी कुणाची वाट बघितली असती? मी रागावलेले नाही. पण हे मी सांगणार. तू मध्ये तोंड घालायचं नाहीस."

तीन वाजता प्रोवीची पाळी संपली. गिटेलने दुरून विचारलं की फोन लावलास का, आणि प्रोवीने हात हलवून उद्याची खूण केली. पाच वाजता गिटेल सूप पिताना थिजली आणि या वेळी ती परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी माणूस चंद्रावर उतरत होता. चालत्या-बोलत्या सगळ्या जणींना टीव्हीपुढे ओळीने बसवलं होतं, गिटेललाही. मिन्ना आली, शेजारी बसली, डबा मांडीवर धरून टीव्हीकडे बघत राहिली. अर्धा तास तिला कळलंच नाही. तिला वाटलं, बहीण अजून अबोला धरून आहे. मग कुणीतरी गिटेलच्या हनुवटीवरची लाळ पुसली तेव्हा मिन्नाने वळून नीट पाहिलं. प्रोवी दोन पावलांवर उभी होती. तेव्हाच सांगता आलं असतं. पण डॉक्टर म्हणत होता की डोस वाढवून पाहू, गिटेल याआधीही परतली होती, आणि तिने बजावलं होतं की मी सांगणार, तू नाही. पहिले काही आठवडे प्रोवी त्या शब्दाला जागली. नंतर औषध बंद झालं आणि मग ती नुसती घाबरली. एकदा न सांगितलेली गोष्ट दुसऱ्या रविवारी सांगणं अवघड होतं, दहाव्या रविवारी त्याहून, आणि पंधरा वर्षांनी गिटेलला मातीत ठेवताना तर काय तोंडाने सांगणार. त्या पंधरा वर्षांत मिन्नाने आईचं नाव पुन्हा काढलं नाही. बातम्याही सांगायची बंद झाली. गिटेल मेल्यावर ती एकदाच म्हणाली होती, "रागातच गेली ती," आणि दफनभूमीच्या फाटकाशी प्रोवीचा हात धरून तिने विचारलं होतं की रविवारी आता मी कुठे जाऊ, तूच येत जा. प्रोवीचा नवरा वारला होता, मुलगी ऑरलँडोला. दोघींनाही दुसरं कुणी नव्हतं. सांगितलं तर आपल्याला रविवार उरणार नाही, हे प्रोवीला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या वर्षी सिनेमाचं शूटिंग एका बंद पडलेल्या इस्पितळात झालं. थिजायचं कसं ते नट्यांना शिकवायला प्रोवीला बोलावलं होतं. गिटेलचं काम करणारी नटी कष्टाळू होती, पण तिला फार सुंदर थिजायची हौस. प्रोवीने तिला सांगितलं की बाई, लाळ गाळ, सुंदर माणसाचीही गळते. बाकी सगळाच आनंद होता. वॉर्ड इतका लख्ख की तिथे जेवावं. नर्सांच्या कमरा मुठीत मावतील इतक्या बारीक. सिनेमात सगळ्या जणी एकाच रात्री वाद्यांच्या सुरावर जाग्या झाल्या. प्रत्यक्षात त्यांना महिना लागला आणि सगळ्यांना आधी संडासला जायचं होतं. प्रोवीचं काम करायला वीस वर्षांची एक मुलगी होती आणि तिला तीन वाक्यं होती, त्यातलं एक "हो डॉक्टर". आणि त्या दोघी बहिणी बॉस्टनच्या झाल्या होत्या, रविवारी चर्चला जाणाऱ्या. त्यामुळे शनिवारची अडचणच उरली नव्हती. फोन वाजला, बहिणीने उचलला, टॅक्सी धावली.

तो प्रसंग चित्रित झाला त्या दिवशी प्रोवी कॅमेऱ्याच्या मागे उभी होती. नटीने आपला थरथरता हात दुसऱ्या हाताने दाबून धरला आणि गिटेलचं वाक्य म्हटलं. प्रोवी बाहेर जाऊन जिन्यात बसली. आत जाऊन हॉलिसला सांगावं की हे मी रचलंय, काढून टाक, असं तिच्या मनात आलं. पण आत साठ माणसं दिवे धरून उभी होती आणि त्यांतली निम्मी रडत होती.

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी दुपारी इस्पितळातली जुनी माणसं आणि रोग्यांचे नातेवाईक यांच्यासाठी खास खेळ ठेवला होता. तू मला नेणार आहेस ना, असं मिन्नाने महिनाभर आधीच विचारून ठेवलं होतं. प्रोवीने सर्दीचं, गुडघ्याचं, बसचं असं सगळं काढून पाहिलं. मिन्ना म्हणाली, माझी बहीण पडद्यावर चालणार आहे आणि तू मला सर्दी सांगतेस. मग जावंच लागलं.

अंधारात मिन्ना पहिला तासभर मजेत होती. एवढा उजेड आमच्या वॉर्डात कधी होता, हा डॉक्टर एवढा देखणा कुठे होता, असं ती पुढच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या हळू कुजबुजत होती. गार हातांचं वाक्य आलं तेव्हा ती मोठ्याने हसली आणि तिने प्रोवीला कोपर मारलं. मग पडद्यावर फोन वाजला. बॉस्टनची बहीण धावत आली. नटीने वाक्य म्हटलं. मिन्नाने प्रोवीचं मनगट धरलं आणि दिवे लागेपर्यंत सोडलं नाही.

कोपऱ्यावरच्या खाणावळीत दोघी बसल्या. मिन्ना बाहेरचं काही खात नसे, नुसता काचेच्या पेल्यातला लिंबू-चहा घेई. तिने हॅट काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

"हे त्यांना कुणी सांगितलं?"

"सिनेमा आहे, मिसेस झेलनिक. त्यांना वाटेल ते दाखवतात."

"बॉस्टन त्यांना वाटेल ते आहे. टॅक्सी वाटेल ती आहे. आईचं कोण सांगणार त्यांना? ते मला, तुला आणि गिटेललाच ठाऊक होतं."

मिन्नाने पेला हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला. मग ती बोलू लागली, पेल्याकडे बघत, आणि प्रोवीने तिला इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्या शनिवारी घरी फोन वाजला होता. दुपारी. ती समोरच्याच खुर्चीवर बसली होती. अकरा वेळा वाजला, तिने मोजलं. जिवावरचं असेल तर शनिवारीसुद्धा उचलायची मुभा आहे, असं त्यांच्यात शास्त्र आहे. पण जिवावरचं आहे हे न उचलता कळणार कसं? ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली आणि फोन थांबला. रविवारी इस्पितळात आली, तर बहीण थिजलेली. तेव्हापासून दर वर्षी प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी ती त्या फोनची माफी मागते.

"आणि तू मला कधी विचारलं नाहीस," मिन्ना म्हणाली. "फोन का नाही उचललात म्हणून. एकदाही नाही. मला वाटायचं, हिला सगळं ठाऊक आहे आणि ही मला सांभाळून घेतेय. एकवीस वर्षं मी तुझे उपकार मानत आले, प्रोवी. आता खरं सांग. गिटेलचाच फोन होता ना तो? हेच सांगायला?"

प्रोवीने मान वर केली. पुढ्यात सगळं आयतं मांडून ठेवलेलं होतं. एक 'हो' म्हटलं की निरोप पोचत होता, तोही गिटेलच्या तोंडून पोचल्यासारखा. रविवार राहत होते. उपकारसुद्धा राहत होते. मिन्नाच्या वाट्याला फक्त ते अकरा वेळा वाजणं उरत होतं, आणि त्याची तिला एकवीस वर्षांची सवय होती. प्रोवीच्या ओठांवर तो शब्द आला. मग तिने मिन्नाचे हात पाहिले. मांडीवर एकावर एक ठेवलेले, त्या दुपारी ठेवले असतील तसेच. तिला स्वतःची शिसारी आली.

"नाही," ती म्हणाली. "तो फोन आमचा नव्हता. मी फोन केलाच नाही."

मग तिने सगळं सांगितलं. केस विंचरण्यापासून तीन वाजता हात हलवण्यापर्यंत. स्वतःचं हसणंही सोडलं नाही. गिटेलने तू सांगू नकोस म्हटलं होतं हे सांगताना तिची तिलाच लाज वाटली, कारण त्या सबबीत आता काही जीव नव्हता. हॉलिसला काय सांगितलं आणि का, तेही सांगितलं. वेटरने येऊन आणखी काही हवंय का विचारलं, दोघींनी त्याच्याकडे पाहिलं नाही, तो निघून गेला.

"कुणाचा होता मग?" मिन्नाने विचारलं.

"कुणास ठाऊक. राँग नंबर असेल."

"राँग नंबर." मिन्नाने तो शब्द पुन्हा एकदा म्हटला. "एकवीस उपास."

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग वळली तेव्हा तिचा चेहरा प्रोवीला ओळखीचा वाटला नाही.

"तू लावला असतास तर मी उचलला असता," ती म्हणाली. "कुणीही म्हणो. माझी बहीण होती."

मिन्नाने पेला दूर सरकवला आणि स्वतःच मान हलवली.

"नसता उचलला," ती म्हणाली. "वाजला तेव्हा कुठे उचलला."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते तिने पुसलं नाही. प्रोवीने पुढे केलेला रुमालही घेतला नाही.

"कसं म्हणाली ती? सिनेमातल्या बाईसारखं नको. ती म्हणाली तसं म्हण."

प्रोवीने म्हटलं. घाईघाईने, एका शब्दावर दुसरा आदळत, मध्ये जीभ घसरत. बत्तीस वर्षांत तिने खूप जणींचं बोलणं कानात साठवलं होतं, पण हे एवढंच तिला तंतोतंत करता येत होतं. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली.

"पुन्हा."

प्रोवीने पुन्हा म्हटलं. मिन्ना डोळे मिटून ऐकत होती. तिसऱ्यांदा तिने सांगितलं नाही. उठून हॅट घातली, कोटाची बटणं वरपासून खालपर्यंत लावली, एक चुकलं ते काढून परत लावलं.

बसथांब्यावर वारा बोचरा होता. प्रोवीने नेहमीसारखा दंड पुढे केला. मिन्नाने खांबाला धरलं.

"पुढच्या रविवारी येऊ नकोस," ती म्हणाली.

"बरं."

"त्याच्या पुढच्याचं मला आत्ता सांगता येणार नाही. मी अठ्ठ्याहत्तरची आहे, तुझ्यावर किती दिवस रागवायचं ते मला बघावं लागेल."

बस आली. मिन्ना एकटीच पायऱ्या चढली. दोन वेळा थांबली, पण चढली, आणि खिडकीशी बसली. तिने खाली पाहिलं नाही. बस सिग्नलला अडकून तिथेच उभी होती आणि काचेआड मिन्नाचे ओठ हलत होते. प्रोवीला आधी वाटलं, ती प्रार्थना म्हणतेय. मग तिला ते शब्द ओळखू आले, कारण ते तिला पाठ होते. मिन्ना 'मी रागावलेले नाही'पर्यंत यायची, थांबायची आणि पुन्हा आईपासून सुरू करायची.